शिवेवरच्या शिव्या

बैलाला दिलेली शिवी कुणाला लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरकडं आषाढात भाताची लावण सुरू झाली की सकाळपासून शेताशेतांतून ज्या शिव्या ऐकू येतात, त्या गावात कुणी कुणाला दिल्या तर डोकी फुटतील. बैलाचा, बैलाच्या आईचा, तो बैल गळ्यात मारणाऱ्या दलालाचा आणि त्या दलालाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत माणूस गुडघाभर चिखलात नांगर रेटत असतो. पलीकडच्या वाफ्यात रोपं लावणाऱ्या सासवा, सुना, लेकी सगळं ऐकत असतात. मान वर करून कुणी बघत नाही. तोच माणूस दुपारी घरी जेवायला बसला आणि आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यातला अर्धा शब्द जरी बोलला, तरी त्याची म्हातारी पळी घेऊन चुलीपुढनं उठेल.

माझे थोरले काका माळकरी. मटण सुटलं त्याचं काही वाटलं नाही, शिवी सुटायला लई त्रास झाला, असं ते स्वतःच सांगायचे. बैल अडला की ओठ आवळून ते नुसतं "पांडुरंगा!" म्हणायचे. त्या पांडुरंगात असा काही जोर असायचा की बैलाला काय ते बरोबर कळायचं. आत्ती म्हणायची, "देवाचं नाव असं घेण्यापरास बैलाला शिवी दे की बा. त्यो तरी ऐकंल."

शिवराळ माणसाला जागेचं भान नसतं असं मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या शिकल्यासवरल्या घरांतून पुष्कळदा ऐकलंय. मला उलटं दिसत आलंय. ज्याच्या तोंडात शिवी रोजची, त्याला तिची हद्द पक्की ठाऊक असते. बाजारात पोती वाहणारा हमाल सकाळी सवाल, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू असताना दर चार शब्दांमागे एक शिवी घालतो. दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या, समोर लक्ष्मीचा फोटो दिसला, की जीभही चपलांबरोबर बाहेर राहते. दिवेलागणीला घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे आमच्याकडं दारू पिऊन आलेल्या माणसालाही आठवतं. तालमीत तर बोलायलाच नको. लाल माती, मारुतीची तसबीर आणि वस्ताद. तिथं तोंडातून शिवी गेली तर किती बैठका माराव्या लागतील याचा हिशेब वस्तादाच्या लहरीवर असतो. त्याच तालमीतले पैलवान आनंदवाडीच्या आखाड्यात उतरले आणि कुस्ती रेंगाळली, की भोवतीच्या गर्दीतून जे काही सुटतं ते ऐकण्यासारखं असतं. गंमत अशी की शिव्या देतात ते बघणारे. अंगाला माती लागलेला गडी एक शब्द बोलत नाही.

मध्यमवर्गाची सोय वेगळी आहे. च्यायला, च्यामारी, हात्तिच्या, नानाची टांग. मुंडकं उडवलेल्या शिव्या. धड तेवढं शिल्लक असतं आणि ते दिवाणखान्यात चालतं. यांतल्या बऱ्याच जणी मुळात कुणाच्या आईवर घसरायच्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी काढत नाही.

शिव्यांना वर्षातून एक उघडी रजाही असायची. शिमगा. बेळगाव शहरात रंग धुळवडीला आणि शहापूरला मात्र पंचमीला. शहापूर सांगली संस्थानात होतं. संस्थान गेलं, शहर वाढून सगळं एक झालं, तरी पंचमीचा हट्ट शहापूरकरांनी सोडला नाही. त्यामुळं लहानपणी आम्हाला वाटायचं की शहापूरला मामा असला की शिमगा दोनदा करता येतो. होळी पेटली की पोरं तोंडावर उलटा हात मारून बोंबलायची आणि गल्लीतल्या एकेका मोठ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या नावानं बोंब ठोकायची. खडूस घरमालक, उधारी मागणारा दुकानदार, शाळेचे हेडमास्तर, कुणी सुटायचं नाही. कन्नड गल्ल्यांत कामण्णा जळायचा, तिथंही हाच प्रकार. शब्द वेगळे, ताल तोच. हेडमास्तर खिडकी लावून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या विषयावर चकार शब्द काढायचे नाहीत. आता मोठे स्पीकर आलेत. त्यापुढं बोंब कुणाला ऐकू जाणार? पोरं नाचतात. हेडमास्तर सुटले.

पण शिवीला जागा आणि वेळ नेमून देण्याचा सगळ्यात थोर नमुना आमच्याकडचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मध्ये ओढा. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका वाजतगाजत आपापल्या काठावर येतात आणि समोरच्या गावाला शिव्या घालतात. हातवारे करून, पदर खोचून, बेंबीच्या देठापासून. बोरीचा बार म्हणतात त्याला. लांबलांबून लोक बघायला येतात. वर्षभर जिनं सासऱ्यापुढं मान वर केली नाही, ती त्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीसमोर तोंड उघडते आणि सासरा कौतुकानं बघत उभा असतो.

या बारातलं मला आवडतं ते मोकळेपण नव्हे. मोकळेपण सगळ्यांनाच दिसतं. मला आवडते ती मांडणी. दोन्हीकडं बायका, दोन्हीकडं वाद्यं, मध्ये पाणी. जेवढं जाईल तेवढं परत येणार. एका काठावर बायका आणि दुसऱ्या काठावर मान खाली घालून उभं राहिलेलं कुणी, असं असतं तर तो बार झाला नसता, नुसता छळ झाला असता.

मला वाटतं, चारचौघांत शिवी चालते की नाही याचा निवाडा तिथंच होतो. शब्द किती घाण आहे हे फारसं महत्त्वाचं नाही. समोरच्याला ती परत देता येते का, एवढं बघायचं. टपरीवर दोन मित्र एकमेकांना ज्या शब्दांनी हाका मारतात ते मी इथं लिहिणार नाही. पण त्यातला एक जण उद्या दुसऱ्याचा साहेब झाला तर त्याच हाकेला वास येईल. साहेबाला ते आधी कळत नाही. खालच्याला लगेच कळतं.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांकडून मी हे ऐकलंय. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या. घेणारा माणूस त्यातल्या मूठभर बाजूला सारणार, छाट म्हणून. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट विडी परतही मिळत नाही. बाई काही बोलली तर शिवी. ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या देखत, तिच्या आईवरून, चालीवरून. तिनं उलट बोलायचं म्हणजे उद्याची पानं-तंबाखू बंद. ऐंशीच्या दशकात तिथं विडीकामगारांची संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले. १९८१ साली त्याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून धरला होता, तेव्हा रस्त्यावर बसायचं कसं हे गावानं बघितलेलं होतं. मजुरीचं काय झालं, छाटीचं काय झालं, हे त्या बायका सविस्तर सांगतात. मला लक्षात राहिलं ते एका म्हातारीचं बोलणं. "संघटना झाल्यावर पहिलं काय केलं सांगू? त्यानं शिवी दिली, मी पण दिली. त्याच्यापरास मोठी. आन् सगळ्याजणी हसल्या." त्यानंतर त्या खिडकीत म्हणे बोलणं सुधारलं. सभ्यता शिकवून ते झालं नसतं.

माझ्या या नियमाला एक अपवाद मी पाहिलाय. गावात कुणी गेलं की मयताजवळ एखादा जुना सोबती येऊन उकिडवा बसतो आणि भरल्या घरात, बायाबापड्यांसमोर, "रांडेच्या, मला न सांगता गेलास होय?" असं सुरू करतो. शिवीवर शिवी. कुणी त्याला गप्प करत नाही. उत्तर येणार नाही म्हणूनच तो देत असतो.

आता मी बाई आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. भांडण कुणाचंही असो, आमच्याकडची शिवी जाते बाईवरूनच. बसस्टँडवर दोन रिक्षावाले पॅसेंजरवरून हमरीतुमरीवर येतात आणि दोन मिनिटांत दोघांच्याही घरात भाकऱ्या थापत बसलेल्या बायका त्या भांडणात फरफटत येतात. कन्नडमध्ये हेच, मराठीत हेच. आणि या जिल्ह्यात तर त्या शब्दांना चेहरे आहेत. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर इथून लांब नाही. देवाला सोडलेल्या बायका आमच्या गल्ल्यांत राहत होत्या, त्यांच्या पोरी आमच्याबरोबर शाळेत होत्या. कर्नाटकात १९८२ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. पण ज्या शब्दांनी त्या बायकांना ओळखलं जायचं, ते रस्त्यावर रोज कुणीतरी कुणालातरी फेकून मारत असतो. फेकणाऱ्याच्या मनात ती बाई नसते, झेलणाऱ्याच्याही नसते. शेजारून दुधाचा तांब्या घेऊन जाणाऱ्या तिच्या पोरीच्या मनात मात्र तीच असते. तिला ही शिवी परत करता येत नाही, कारण ती तिला दिलेलीच नसते.

जातीच्या नावानं दिलेल्या शिवीबद्दल मी वाद घालत नाही. ती कुठंच चालत नाही, मित्रांत चालते म्हणणाऱ्यांनी त्या मित्राला एकदा एकट्यात विचारावं. कायदाही तिथं स्पष्ट आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं हा गुन्हा मानतो. बाकीच्या शिव्यांबाबत कायदा जरा चाचपडतो. जुन्या दंडसंहितेचं २९४ कलम १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २९६ झालं. सार्वजनिक जागी अश्लील शब्द बोलून दुसऱ्याला त्रास दिला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिवराळ म्हणजे आपोआप अश्लील नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानंच २०२४ च्या मार्चमध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात म्हटलं. आमच्या पोलीस ठाण्यांत याहून सोपा मार्ग आहे. शिवी मराठीत दिलेली असते, फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि कागदावर शिवीच्या जागी येतं "अवाच्य शब्दगळिंद बैदु". अवाच्य शब्दांनी शिव्या दिल्या. कुठले शब्द, ते मोघम. दोन्ही भाषांची अब्रू राहते.

म्हाताऱ्या बायकांना आमच्याकडं परवाना आहे. "मुडदा बशिवला तुझा" म्हणत आज्जी नातवाच्या ताटात भाकरी वाढते आणि नातू खातो. नळावरच्या भांडणाला तर बघे जमतात. पण कॉलेजातली एखादी पोरगी बसस्टॉपवर फोनवर मैत्रिणीशी बोलता बोलता एक शिवी देऊन गेली, की रांगेतल्या सगळ्या माना वळतात. तिच्यामागं उभी असलेली पोरं मघापासून तेच बोलत असतात, त्यांच्याकडं एकही मान वळलेली नसते. मला त्या पोरीची शिवी आवडते असं नाही. शिवी तिनंही बाईवरूनच दिलेली असते, त्याचं वाईट वाटतं. पण त्या वळलेल्या मानांचं जास्त वाटतं.

आणि मग भाषेचा प्रश्न. तो टाळून बेळगावात कशावरच लिहिता येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला एकाच शहरात काही लोक राज्योत्सव करतात आणि काही लोक काळा दिवस पाळतात. महाराष्ट्रानं २००४ साली घातलेला सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळं वर्तमानपत्रात येतं. वर्तमानपत्रात येत नाही ते हे, की बाकीचे दिवस लोक दोन्ही भाषांत भाजी घेतात, दोन्ही भाषांत उधारी बुडवतात आणि दोन्ही भाषांत भांडतात. मी रविवार पेठेत असं भांडण ऐकलंय ज्यात शिवी मराठी होती, क्रियापद कन्नड होतं आणि शेवटी बोट दाखवून सांगितलेला हिशेब हिंदीत होता. त्याला भाषावाद कुणी म्हणणार नाही. ते पोत्यामागच्या हमालीचं भांडण होतं आणि ते हमालीवरच मिटलं.

जुन्या बाजारातल्या माणसांची यातली एक युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. कन्नड माणसाशी भांडायचं तर कन्नडमध्ये शिवी द्यायची. "बोळी मगने" म्हणा, "हलकट" म्हणा, हलकट तर दोन्हीकडं चालतं. त्याच्या घरची शिवी दिली की ते भांडण त्या दोघांचं राहतं. आपल्या भाषेत दिली की आजूबाजूचे चौघे कान टवकारतात आणि त्यांना वाटतं, आपल्यालाच दिली. कन्नड व्यापारीही उलट बाजूनं हेच करतात. त्यांच्या तोंडून अस्सल मराठी शिवी ऐकली की मला हसू येतं आणि जरा बरंही वाटतं. एवढी नेमकी शिवी शिकायला माणसांत बसावं लागतं.

एसटीत हे सगळं रोज कसाला लागतं. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे, पण पत्ता कर्नाटकातला पाहिजे. निपाणीच्या स्टँडवर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बायका चढतात. माहेर कागलचं, सासर चिकोडीचं, आधार कार्ड अजून माहेरचं. कंडक्टर कार्ड मागतो, बाई पिशवी उपसते, मागून कुणीतरी ओरडतं, "सोड की रे, किती वेळ!" कंडक्टरच्या तोंडून काहीतरी निघतं, बाई दुप्पट काहीतरी बोलते. इथपर्यंत सगळं ठीक असतं. बस हसत असते. एवढ्यात कुणीतरी, बहुधा खिडकीशी बसलेला स्वच्छ कपड्यांतला, आतापर्यंत गप्प असलेला माणूस म्हणतो, "तुम्ही लोक असलेच."

यात एकही वाईट शब्द नाही. पण हे बोलणं ऐकून बस गप्प झालेली मी पाहिली आहे. आईवरची शिवी एका माणसाला बसते. "तुम्ही लोक" सगळ्यांना बसतं, आणि ते परत देता येत नाही, कारण परत द्यायचं तर तेच वाक्य बोलावं लागतं. मग कंडक्टर कंडक्टर राहत नाही आणि बाई बाई राहत नाही. अशा एखाद्या बोलण्याचा वणवा झाला की सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पोलीस उभे राहतात, दोन्ही राज्यांच्या बसा हद्दीवरून माघारी फिरतात आणि दवाखान्याला निघालेली माणसं स्टँडवर बसून राहतात. सार्वजनिक जागी काय बोलू नये याचा बोर्ड बसमध्ये लावायचा झाला तर मी तेवढंच लिहीन, मराठीतही आणि कन्नडमध्येही. बाकीचं लोकांचं लोक बघून घेतील.

परवा खानापूरहून येणाऱ्या बसमध्ये बसले होते. फाट्यावर एक म्हातारी दुधाची रिकामी किटली घेऊन हात करत होती. बस जरा पुढं जाऊन थांबली. म्हातारी पळत आली आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता कंडक्टरला म्हणाली, "रांडेच्या, डोळं फुटलं काय तुझं? हात करूलालंय, दिसंना?"

"लगू हत्त, यव्वा," कंडक्टर म्हणाला. चढ लवकर.

माझ्या पुढच्या सीटवरचा पोरगा शिकलेला वाटत होता. त्यानं वाकून तिला हळूच सांगितलं, "आज्जी, असं बोलू नका. ड्युटीवरचा माणूस आहे, त्यातून कन्नड. उगाच काहीतरी व्हायचं."

"काय हुतंय त्याला?" म्हातारी किटली पायाशी ठेवत म्हणाली. "माझ्या म्हशीचं दूध पितोय रोज."

कंडक्टरनं तिचं फुकटचं तिकीट फाडून हातात दिलं आणि चांगल्या मराठीत, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "दूध कुठलं, निम्मं पाणी असतंय!"

यावर म्हातारीनं त्याला जे उत्तर दिलं ते अवाच्य होतं. हसू पिकलं आणि ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, काय म्हणाली, काय म्हणाली?